दक्षिण फ्रान्स: आर्लला चार रात्री, सोबत सासूबाई. गाडी घ्यावी का?

वळचणीची_चिमणी | १२ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी,

मे अखेरीस फ्रान्सला जायचं ठरलंय. पॅरिसचं सगळं झालं, तिकिटं हातात आहेत. त्यानंतर २२ मे (गुरुवार) ते २६ मे (सोमवार) मोकळे आहेत आणि त्यावरून घरात दोन तट पडलेत. नवरा म्हणतो नीस, कारण समुद्र. मी म्हणते आर्ल, कारण होस्टेलवर माझ्या कॉटसमोर चित्रकार व्हॅन गॉगच्या, आर्लमधल्या त्या पिवळ्या कॅफेचं पोस्टर होतं आणि परीक्षेच्या रात्री मी पुस्तकापेक्षा त्याच्याकडेच जास्त बघितलंय.

सोबत नववीतली लेक आणि सासूबाई. सासूबाई ७१ वर्षांच्या, गुडघे कुरकुरतात, पण उत्साह आम्हा तिघांचा मिळून होत नाही एवढा. पक्क्या शाकाहारी, अंडंही नाही.

तर चारही रात्री आर्लमध्ये काढणं वेडेपणा ठरेल का? आसपासची खेडी बघायला गाडी घ्यावीच लागते का? (नवरा उजव्या बाजूने गाडी चालवायला घाबरतो, पण कबूल करत नाही.) आणि लव्हेंडरची शेतं दिसतील का? लेकीची तेवढी एकच मागणी आहे.

बोरकूट | १२ फेब्रुवारी

रुमाल टाकून ठेवतो. आमचंही पुढच्या वर्षी घाटतंय.

दिवाभीत | १२ फेब्रुवारी

ल्योंमध्ये अकरा वर्षं काढली, आर्लला पाच-सहा वेळा जाणं झालं. म्हणून जरा सविस्तर.

लव्हेंडरचं आधी उरकतो: नाही दिसणार. फुलोरा साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, तोही वालाँसोलच्या पठारावर किंवा सेनांकच्या मठापाशी. आर्लच्या अवतीभवती नाही. मे अखेरीस शेताच्या बांधांवर लालभडक पॉपी असतात. जांभळ्याच्या जागी लाल चालत असेल तर लेकीला सांगा.

जुनं आर्ल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस मिनिटांत चालून संपतं. सासूबाईंसाठी याहून सोयीचं गाव नाही. आणि तेवढ्यात किती काय कोंबलंय! रोमन रंगमंडल इसवी सन ९०च्या सुमाराचं, १३६ मीटर लांब, ६० कमानींचे दोन मजले. रोमन सत्ता गेल्यावर लोकांनी या कमानी चिणून आतच घरं बांधली. दोनशेच्या वर घरं, दोन चॅपलं, वर टेहळणीचे बुरूज. अख्खं गाव स्टेडियमच्या पोटात राहत होतं. एकोणिसाव्या शतकात ती घरं पाडून मोकळं केलं, पण तीन बुरूज अजून उभे आहेत. एका बुरुजावर चढता येतं, सासूबाईंना खाली सावलीत बसवा.

शिवाय रोमन नाट्यगृह, काँस्टंटाइनची स्नानगृहं, बाजारचौकाखालची भुयारं, सँ त्रोफीमच्या चर्चचं बाराव्या शतकातलं कोरीव दार आणि मागचा ओवरीचा चौक. हे सगळं मिळून १९८१पासून जागतिक वारशात आहे.

पॅरिसहून आव्हीन्योंचं टीजीव्ही (अतिवेगवान रेल्वेचं) स्थानक २ तास ४० मिनिटं. ते गावाबाहेर आहे, तिथून पाच मिनिटांची लोकल मुख्य स्थानकाला आणि पुढे आर्ल वीसेक मिनिटं. गाडी एखाद्या दिवसापुरती घ्या. रोज घेतलीत तर निम्मी सुट्टी पार्किंग शोधण्यात जाईल.

तिरकीटधा | १३ फेब्रुवारी

आर्ल की आर्लेस? आमच्या ट्रॅव्हल एजंटच्या पत्रकात 'आर्लेस' आहे.

तोलूनमापून | १३ फेब्रुवारी

आर्ल. शेवटचा स मुका. आणि व्हॅन गॉग हा ना डच उच्चार ना फ्रेंच. डच म्हणतात साधारण 'फान खोख'.

तिरकीटधा | १३ फेब्रुवारी

फान खोख म्हणजे घशात काटा अडकल्यासारखं वाटतं. आम्ही गॉगच म्हणणार. दिवा घ्या.

एकला_जीव | १३ फेब्रुवारी

विरोधी मत नोंदवतो. चिमणीताई, पोस्टरसाठी जात असाल तर हिरमोड होईल. व्हॅन गॉग राहत होता ते पिवळं घर २५ जून १९४४च्या बॉम्बहल्ल्यात गेलं. त्याने रंगवलेला लांग्लवाचा पूल गेला, आता दाखवतात तो दुसरीकडून आणून उभारलेला. कॅफेच्या भिंतीचा पिवळा रंग चित्र बघून नंतर फासलेला, चित्रात तो गॅसबत्तीचा उजेड आहे. आणि आर्लमध्ये रंगवलेली सुमारे दोनशे चित्रं जगभर पांगलीत. गावात त्याच्या नावाचं प्रतिष्ठान २०१४मध्ये सुरू झालं, तिथे उसनी आणलेली एक-दोन असतात. ज्या गावातल्या लोकांनी त्याला गावाबाहेर घालवा म्हणून अर्ज केला, ते गाव आता त्याच्या नावाचे मग विकतं.

शाईचा_डाग | १४ फेब्रुवारी

@एकला_जीव, वस्तूंची यादी बरोबर आहे, निष्कर्ष पटला नाही. मी चित्रं काढते (पोटापुरती नाही, हौसेपुरती). आर्लला वस्तू बघायला जायचंच नाही. तो २० फेब्रुवारी १८८८ला उतरला तेव्हा गावात बर्फ होता आणि महिन्याभरात बदाम-जर्दाळू फुलले. तो फरक का वेडावणारा आहे हे तिथे मिस्त्राल सुटला की कळतं. मिस्त्राल म्हणजे ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून उत्तरेकडून येणारा कोरडा वारा. दोन-तीन दिवस घोंघावतो, आभाळ घासूनपुसून लख्ख करतो आणि दूरच्या झाडाचं पान न् पान वेगळं दिसायला लागतं. मी रस्त्यात वही उघडली तर पानं फडफडून हातावर सपासप लागत होती. तो ईझलचे पाय जमिनीत खुंट्या ठोकून बांधायचा. इथल्या शेतघरांना उत्तरेला खिडक्या जवळजवळ नसतात आणि शेतांच्या कडेने सुरूसारख्या सायप्रसच्या रांगा लावलेल्या असतात, वारा अडवायला. त्याच्या चित्रांतल्या त्या काळ्या-हिरव्या ज्वाळा म्हणजे हे शेतीचं कुंपण आहे!

रात्री नदीच्या बांधावर नक्की जा. ऱ्होनवरची चांदणी रात्र त्याने तिथे रंगवली. दिवे आता विजेचे आहेत, नदीचं वळण तेच आहे. आणि सँ-रेमी चुकवू नका. मे १८८९ ते मे १८९० तो तिथल्या मनोरुग्णालयात होता. खोली बघता येते, खिडकीतून दिसणारा आल्पीय नावाच्या डोंगररांगेचा दातेरी कडाही दिसतो.

सळई_सिमेंट | १४ फेब्रुवारी

सगळे चित्रांत अडकलेत, म्हणून अभियंत्यांची बाजू.

पाँ द्यु गार बघा. नीम शहराला पाणी नेणाऱ्या सुमारे ५० किमी लांबीच्या रोमन कालव्याचा हा पूल. तीन मजली, जवळजवळ ४९ मीटर उंच, खालचे दोन मजले चुन्याशिवाय नुसते दगडावर दगड. पण खरी गंमत उंचीत नाही, उतारात आहे. अख्ख्या ५० किमीत पाणी फक्त साडेबारा मीटरच्या आसपास खाली उतरतं. म्हणजे किलोमीटरला वीतभर! आमच्या सोसायटीत गच्चीच्या पावसाळी पाण्याला उतार काढायला तीन कंत्राटदार झाले.

आर्लपासून जवळ बार्बगालला एका उतारावर १६ पाणचक्क्यांची रोमन गिरणी होती, दोन रांगांत आठ-आठ. आता अवशेष आहेत, फारसं कोणी फिरकत नाही. औरंगाबादच्या पाणचक्कीसमोर तासभर उभे राहिलेल्यांनी जरूर जावं.

आणि आर्लच्या पुरातत्त्व संग्रहालयात ३१ मीटर लांबीची रोमन मालवाहू होडी आहे. ऱ्होनच्या गाळात दोन हजार वर्षं पडून होती, २०११मध्ये तुकडे करून वर काढली. आत नावाड्यांची चूलभांडी सापडली. ती बघून माझी बायको म्हणाली, तरी पसारा कमीच आहे.

फुटाणे | १५ फेब्रुवारी

नीमवरून आठवलं. 'द नीम' म्हणजे नीमचं कापड, त्यावरून डेनिम. आणि डंगरी शब्द आला मुंबईच्या डोंगरीतल्या जाड्याभरड्या कापडावरून. म्हणजे जीन्सच्या दुकानात नीम आणि डोंगरी एकाच हँगरवर लटकतात.

तिरकीटधा | १५ फेब्रुवारी

आणि घालणारा म्हणतो इटालियन कट आहे.

गिरगाव_मागली_चाळ | १५ फेब्रुवारी

एवढं दक्षिणेला जाताय तर मार्सेय तासाभरावर आहे. ८ जुलै १९१०ला सावरकरांनी मोरिया बोटीतून उडी घेतली ते बंदर. मराठी माणसाने तिथे जाऊन हात जोडल्याशिवाय परत येऊ नये.

कोपऱ्यातला | १५ फेब्रुवारी

यावर लिहायला बरंच आहे, पण

संपादक मंडळ | १५ फेब्रुवारी

त्या विषयावर संस्थळावर आधीच सतरा धागे आहेत. उडीनंतर प्रकरण हेगच्या लवादात गेलं आणि फेब्रुवारी १९११मध्ये ब्रिटनच्या बाजूने निकाल लागला, इतपत माहिती इथे पुरे. पुढचे प्रतिसाद उडवले जातील.

कोपऱ्यातला | १५ फेब्रुवारी

मी मझार्गच्या युद्ध दफनभूमीबद्दल लिहिणार होतो हो! १९१४मध्ये हिंदी फौज मार्सेयला उतरली होती, त्या काळातल्या हिंदी सैनिकांचं स्मारक आहे तिथे. असो.

चुलाणावरची_आजी | १६ फेब्रुवारी

शाकाहाराबद्दल कोणीच बोलेना, म्हणून लिहिते. ऑलिव्हची काळी चटणी मिळते, तापनाद. दिसायला कारळाच्या चटणीसारखी निरागस, पण तिच्यात अँचोव्ही मासा असतो. विचारल्याशिवाय तोंडात घालू नका. रातातुई म्हणजे वांगी-टोमॅटो-ढोबळी मिरची, ती चालेल. मार्सेयकडे पानिस मिळतं, हरभऱ्याच्या पिठाचं घट्ट पिठलं थापून, कापून तळतात. नीसला त्याच पिठाचं धिरडं, सोका. सासूबाई खूश होतील. आणि शनिवार सकाळचा आर्लचा बाजार, बुलेव्हार दे लीसवर. चांगला दोन किलोमीटरच्या वर पसरतो. चेरी आणि छोटी केशरी खरबुजं घ्या, खोलीवर दहीभात लावा. कामार्गचा तांदूळ तिथलाच, लाल तांदूळही मिळतो.

दिवाभीत | १६ फेब्रुवारी

आजी, त्या तांदळामागे एक दुखरी गोष्ट आहे. कामार्ग म्हणजे ऱ्होनच्या दोन फाट्यांमधला त्रिभुज प्रदेश, खारवट दलदल. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास फ्रान्सने आपल्या वसाहतीतून, आजच्या व्हिएतनाममधून, हजारो मजूर सक्तीने आणले. त्यांच्यातल्या काहींना इथे भातशेतीला जुंपलं, आणि इथलं भात खरं वाढलं ते त्यांच्या हातांनी. त्यांची दखल घ्यायला पुढे कित्येक दशकं गेली.

देवगडचो_पावणो | १६ फेब्रुवारी

मासे खाणाऱ्यांनी तिथे तेलीन मागवावेत. लसूण-पार्स्लीतल्या तिसऱ्याच त्या, आकाराने लहान. सोलकढी नाही एवढंच दुःख. आणि कामार्गमधले डास! मालवणचे डास त्यांच्यापुढे संत. मलम न्या.

पेठी_पुणेकर | १७ फेब्रुवारी

आर्लची खरी प्रेक्षणीय व्यक्ती कोणी सांगितलीच नाही. झान काल्माँ, १२२ वर्षं १६४ दिवस जगल्या, १९९७ला गेल्या. नव्वदीत असताना त्यांनी एका वकिलाशी करार केला: मी असेपर्यंत दरमहा २५०० फ्रँक द्यायचे, मी गेले की फ्लॅट तुझा. वकील तेव्हा ४७चा. त्याने ३० वर्षं हप्ते भरले आणि तिच्या आधी तोच गेला. पुढचे हप्ते त्याच्या बायकोने भरले. सदाशिव पेठेत हा करार कोणी केला नसता, कारण इथे समोरच्याचं आयुष्य आधीच जोखतात.

तोलूनमापून | १७ फेब्रुवारी

काही रशियन अभ्यासकांनी, ती बाई म्हणजे मुळात तिची मुलगीच होती, असा दावा केलाय. बहुतेक वयतज्ज्ञांनी तो मानला नाही.

पेठी_पुणेकर | १७ फेब्रुवारी

वकिलाच्या दृष्टीने काय फरक पडतो?

ओवीपंढरी | १९ फेब्रुवारी

एवढी चर्चा झाली आणि तारखेकडे कोणाचं लक्ष नाही! चिमणी, २४ मे हा दिवस लाखमोलाचा आहे. त्या दिवशी आर्लपासून चाळीसेक किमीवर समुद्रकाठच्या सँत-मारी-द-ला-मेर गावात रोमा (जिप्सी म्हणतात ते) लोकांची जत्रा असते. युरोपभरातून येतात. चर्चच्या तळघरात सारा नावाची काळी मूर्ती आहे. 'सारा-ला-काली' म्हणतात तिला. दुपारनंतर तिला खांद्यावर घेऊन समुद्रात नेतात, पुढे पांढऱ्या घोड्यांवरचे गुराखी. रोमा मूळचे आपल्याकडचे, नाव काली, समुद्रात विसर्जन... आणखी काय पुरावा हवा?

तोलूनमापून | १९ फेब्रुवारी

पुरावा बराच हवा. रोमा भाषा भारतीय कुळातली हे पक्कं: नाकाला नख, पाण्याला पानी, दोनाला दुय, पाचाला पांज. पण त्या भाषेत 'काली' म्हणजे नुसतं काळी. मराठीत 'काळी माऊली' म्हटलं की लगेच कालीमाता होत नाही. आणि साराला समुद्रावर नेण्याची प्रथा १९३५पासूनची, तिथल्या एका मार्कीच्या (उमरावाच्या), फोल्को द बारोंचेल्लीच्या, पुढाकाराने सुरू झालेली. हजार वर्षांची आठवण वगैरे म्हणण्याआधी हे लक्षात घ्यावं.

ओवीपंढरी | १९ फेब्रुवारी

सार्वजनिक गणपतीलाही तारीख काढता येते. म्हणून काय भक्ती खोटी?

तोलूनमापून | १९ फेब्रुवारी

भक्ती खोटी म्हटलंच नाही. नातं सिद्ध होत नाही म्हटलं.

शाईचा_डाग | २० फेब्रुवारी

दोघेही चिमणीला बसची वेळ सांगा की!

वळचणीची_चिमणी | २० फेब्रुवारी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आर्ल नक्की केलं. नवऱ्याला सांगितलंय की सँत-मारीला समुद्र आहे. गाडी घेत नाही.

(नंतर साडेतीन महिने शांतता. - बोरकूट)

वळचणीची_चिमणी | ७ जून

बोरकूट, शांतता नव्हे, सामान उपसत होते. जाऊन आलो. लांब लिहितेय.

शुक्रवारी एक टॅक्सी दिवसभरासाठी ठरवली: सँ-रेमी आणि ले बो. महाग पडली, पण नवरा मागे बसून डोंगर बघत होता, एरवी जीपीएसशी भांडला असता. ले बो म्हणजे खडकावर खडकातूनच वाढल्यासारखं गाव. बॉक्साइटला हेच नाव मिळालंय, १८२१मध्ये इथे सापडलं म्हणून. जवळच जुन्या दगडखाणीत भिंतींवर चित्रं प्रक्षेपित करतात. लेकीने तिथे पहिल्यांदा फोन खिशात ठेवला. दुसऱ्यांदा आर्लमधल्या ल्यूमा या कलाकेंद्राच्या चकाकत्या टॉवरमधल्या घसरगुंडीवर.

एकला_जीव, कॅफेच्या चौकात गेले. तुमचं बरोबर होतं, काही वाटलं नाही. पण रात्री नदीवर गेलो तेव्हा वारा असा होता की सासूबाईंचा पदर माझ्या तोंडावर आणि पाण्यातले दिवे लांबच लांब ओढल्यासारखे. तिथे वाटलं. शाईचा_डाग, तुमचंही बरोबर होतं.

शनिवारी सकाळी बाजार, दुपारी बस. गर्दी विचारू नका. चर्चचं तळघर ठेंगणं, आणि शेकडो मेणबत्त्यांनी भट्टीसारखं तापलेलं. पायऱ्या उतरताना सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला होता. सारा कोपऱ्यात उभी. सावळा, लहानसा चेहरा, आणि अंगावर झग्यावर झगे, इतके की खांदे दिसेनात. नवस फेडणारे नवा झगा आणतात. सासूबाई बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही तर ओटीच." त्यांच्या पर्समध्ये एक खण कायम असतो, कुठे कोणती देवी भेटेल सांगता येत नाही म्हणून. हिरवा, लाल काठाचा. काढला, पण गर्दीत पुढे जाता येईना. शेजारच्या एका रोमा बाईने तो हातातून घेतला, साराच्या गालाला लावला, पायाशी ठेवला आणि त्यातला एक दोरा ओढून सासूबाईंच्या हातात दिला. तिने काही विचारलं नाही, यांनी काही सांगितलं नाही.

मग मिरवणूक. 'व्हीव सँत सारा' असा गजर, घोडे पाण्यात, मूर्ती खांद्यावर, मागून गिटार वाजवणारे गुडघ्यापर्यंत भिजलेले. थोडा वेळ पाण्यात थांबले आणि मूर्ती घेऊन परत फिरले. सासूबाई एकदम नाराज. "परत आणली? मग भिजवली कशाला?" मला उत्तर देता आलं नाही.

तापनाद: वेटरला विचारलं, यात मासा आहे का. तो म्हणाला, नाही मादाम, अगदी थोडा.

रविवार: बस जवळजवळ नाहीत, दुकानं बंद. आम्ही होडीचं संग्रहालय बघितलं. त्यामुळे पाँ द्यु गार राहिला, सळई_सिमेंट माफ करा. गाडी असती तर झाला असता. म्हणजे मूळ प्रश्नाचं उत्तर: रविवारपुरती घ्या.

देवगडचो_पावणो | ७ जून

चिमणी, सासूबाईंना सांगा, ते विसर्जन नव्हेच. आमच्या कुणकेश्वरला महाशिवरात्रीच्या यात्रेत गावोगावच्या देवस्वाऱ्या समुद्रावर येतात, तीर्थस्नान करतात आणि आपापल्या देवळात परत जातात. देव न्हायला गेला तर घरी परत येणारच ना! विसर्जन डोक्यात धरून बघितलं तर चुकल्यासारखं वाटणारच.

तोलूनमापून | ७ जून

हे उत्तम. नातं अजूनही सिद्ध होत नाही.

ओवीपंढरी | ७ जून

झोपा आता.

वळचणीची_चिमणी | ८ जून

पावणे, सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "असं होय, मग ठीक आहे." तो दोरा देवघरात ठेवलाय. आता कुणकेश्वरला कधी जायचं विचारताहेत, आणि तिथे गाडी लागते का.

देवगडचो_पावणो | ८ जून

लागता. पण पार्किंग मिळूचा नाय.